जुन्या मोटारीचा चुकणारा ठोका

मुंबईच्या रस्त्यांवरून ‘पद्मिनी’ टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमची निघून गेली. तथापि वडिलांच्या हौसेची ती मोटार कांहीं घरांतून अद्यापि जपून ठेविलेली आहे. अशा मोटारीचा ठोका चुकून ती धक्के देऊं लागली कीं, ‘इंजिन गेलें’ असा निकाल देऊन ती भंगारांत काढण्याची घाई होते. तत्पूर्वीं पुढील परीक्षा अवश्य करावी.

पद्मिनीच्या इंजिनांत चार सिलिंडर असतात. इंजिन बंद असतां एका प्लगची तार काढावी, तिचें टोक इंजिनाच्या धातूस पक्कें टेकवावें, आणि हात दूर ठेवून इंजिन सुरू करावें. हाच क्रम पाळीपाळीनें चारही प्लगांस लावावा. ज्याची तार काढतांच चाल अधिक बिघडते, तो सिलिंडर काम करीत आहे. ज्याच्यामुळें कांहींच फरक पडत नाहीं, तोच दोषी होय.

मग त्याचा प्लग शेजारच्या प्लगाशीं बदलावा. दोष प्लगाबरोबर गेला तर नवा प्लग घालावा. न गेल्यास तार व डिस्ट्रिब्यूटरचें झांकण पाहावें. पावसाळ्यांत तेथील ओल किंवा बारीक तडा पुष्कळदां कारण असतो. प्लग तेलानें ओला असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. ठिणगी नीट असूनही सिलिंडर स्वस्थच राहिला, तर दाब मोजून झडपा तपासाव्या.

मात्र ठोका चुकत असतां मोटार दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरून तें पातळ करतें व बेअरिंगें झिजतात. मग साध्या प्लगाचें दुखणें खरोखरच इंजिनाच्या जिवावर बेततें.