विश्लेषण : शिकारी कुत्रा पाळणे कायदेशीर, मग सशामागे सोडणे गुन्हा का?

कारवान, मुधोळ, पश्मी ही कुत्री दख्खनच्या माळावर ससा धरण्यासाठीच घडली. माळ गेला, ऊस आला, कायदाही बदलला. सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूरसारख्या ऊसपट्ट्यात मात्र कुत्रा आणि ससा अजूनही समोरासमोर येतात.

नीरा आणि भीमा यांच्या बेचक्यात, माळशिरस तालुक्यात श्रीपूर आहे. फडाची तोडणी शेवटच्या सऱ्यांवर आली, की आत दडलेली जनावरे बाहेर पडू लागतात. ससा, मुंगूस, रानमांजर, कधी रानडुकरे. अशा वेळी बांधावर एखादे उंच, सडपातळ कुत्रे साखळीला ओढ देत उभे असेल, तर पुढे काय होणार हे कोणाला सांगावे लागत नाही. ‘कुत्रा सुटला, आम्ही काय करणार’ हे उत्तरही ठरलेले असते. कायद्यापुढे ते टिकत नाही.

ही कुत्री वेगळी कशी?

कारवान नजरेने शिकार करतो, वासाने नाही. खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय आणि निमुळते तोंड ही सगळी रचना उघड्या माळावरच्या छोट्या, जीवघेण्या धावेसाठी आहे. लांब केसांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, म्हणून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी मात्र ती ‘कॅराव्हान हाउंड’ आहे. नावाचा हा घोळ अजून मिटलेला नाही आणि सोलापूर-लातूरकडच्या पाळणाऱ्यांना त्याचे फारसे सोयरसुतकही नाही.

टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळ होता. २०१६ मध्ये या जातीची पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. ऑगस्ट २०२०च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तिचे नाव घेतले आणि मागणी वाढली.

शिकवतात काय?

धावणे शिकवावे लागत नाही, ते रक्तातच असते. पिल्लू वाढीला लागले, की जाणत्या कुत्र्याबरोबर रानात न्यायचे आणि ते त्याचे पाहून शिकते, ही जुनी रीत. खरी मेहनत असते ती थांबवण्याची. हाकेला परतणे, शेळ्या-मेंढ्यांकडे दुर्लक्ष करणे आणि धरलेले जनावर न फाडता मालकाकडे देणे या तीन गोष्टी शिकायला वेळ लागतो. एकदा नजर सशावर खिळली, की मालकाचा आवाज कानात शिरत नाही. ससा वळण घेत पळतो आणि कुत्रा वेगाच्या भरात पुढे जातो, म्हणून दोन कुत्री जोडीने सोडण्याची पद्धत पडली. उन्हात अशी धाव कुत्र्याच्याही जिवावर बेतू शकते. शरीर तापते, तारेच्या कुंपणात पाय अडकतो. शिवाय आता सलग माळ उरला आहे कुठे? कालव्याच्या पाण्याने रानाचे तुकडे केले आणि मधून डांबरी रस्ते गेले.

या भागाचा शिकारीशी संबंध किती जुना?

नीरा ओलांडली की इंदापूर तालुका लागतो. तिथले वडापुरी हे तिरमल नंदीवाल्यांचे एकत्र जमण्याचे ठिकाण. मानवशास्त्रज्ञ कैलाशचंद्र मल्होत्रा आणि परिसरतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास केला. त्यातून पुढे आलेले चित्र लक्षवेधी आहे. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि तितर धरत. वैदू सापळ्यांनी लहान मांसाहारी प्राणी आणि पाण्यातले जीव पकडत. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारत. मुलूख एकच, पण प्रत्येकाचे सावज आणि साधन वेगळे. फाशात सापडलेली गाभण मादी सोडून देण्याची चाल पारध्यांमध्ये होती, असेही हे अभ्यासक नोंदवतात.

ही पोटासाठीची शिकार होती. गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय गेला नाही. आजही रानात कुत्र्यासह दिसलेला पारधी आणि जीपमधून कुत्रे घेऊन आलेला हौशी यांच्याकडे बघण्याची नजर सारखी नसते.

कायदा नेमके काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, फासात अडकवणे, हाकणे, कुत्र्यांकरवी पाठलाग करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे व्याख्येतच आहे. म्हणजे ससा निसटला तरी गुन्हा घडतो. ससा पूर्वी चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तो दुसऱ्या अनुसूचीत आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे किमान तीन वर्षे कैद.

कुत्रा पाळणे, त्याची पैदास करणे, त्याला पळवणे यावर या कायद्याने बंदी नाही. यात्रेतल्या शर्यतीत जिवंत ससा पुढे सोडला, तर मात्र वन्यजीव कायद्याबरोबर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदाही लागू होतो. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्यता दिली, तिचा दाखला इथे देऊन उपयोग नाही. ती दुरुस्ती गोवंशापुरती आहे.

रानडुकरांनी पीक खाल्ले तर?

शेतकऱ्याची खरी अडचण ही आहे. एका रात्रीत मका आडवा होतो आणि भरपाईचे कागद महिनोन् महिने फिरतात. कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्याची परवानगी अधिकृत अधिकारी लेखी, कारणांसह देऊ शकतो. पण परवानगी आधी हवी आणि ती त्या ठरावीक प्राण्यापुरती असते. रानडुकराच्या नावाखाली सोडलेला कुत्रा सशामागे गेला, तर तो कागद कामाला येत नाही.

मग या कुत्र्यांचे करायचे काय?

जिवंत सावजाऐवजी दोरीला बांधलेल्या चिंधीमागे पळवणे हा जगभर रुळलेला मार्ग आहे. राखणीसाठीही ही कुत्री चांगली, फक्त ती मोकळी सोडता येत नाहीत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या गवताळ रानात कुत्री काळविटांच्या पाडसांमागे लागतात, कोल्ह्या-लांडग्यांना रोग देतात. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरीकडे, महाराष्ट्राच्या वन विभागाकडेही प्रशिक्षित श्वान आहेत. ती जर्मन शेफर्ड किंवा बेल्जियन मॅलिनॉय जातीची असतात, कारण शिकाऱ्याचा माग काढायला नाक लागते आणि कारवानचे सारे बळ डोळ्यांत आहे.