रिमोट कोणाच्या हातात?



आमच्या आळीत पॉलिटेक्निक झालेल्या एका पोरानं आजीसाठी घरीच रिमोटचं कुलूप बनवलं. निम्मी आळी बघून गेली आणि लगेच दोन तट पडले. काही जण म्हणाले, वा रे पठ्ठ्या! बाकीचे म्हणाले, कडी-कोयंडा काय वाईट होता? मी पठ्ठ्याच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर.

आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडची जुनी दारं आठवा. जाड सागवानी फळ्या, बाहेरून कडी, आतून रात्री लावायची आगळ. दिवसा मात्र दार नुसतं लोटलेलं असायचं, कारण घरात कोणी ना कोणी असायचंच. 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो, तरी शिकायला अन् नोकरीला पोरांची वाट नागपूरचीच. तिथून पुढे पुणं. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, पण गेलेली पोरं काही त्यानं परत आली नाहीत. गावात उरलेले संत्र्याचा तोडा सुरू झाला की दिवसभर बगीच्यात. घरात एकटी आई, गुडघे धरलेली.

दूधवाला कडी वाजवतो. ती आतून ओरडते, "थांब ना बाप्पा, येतो ना!" तो पुन्हा वाजवतो. ती भिंत धरत घाईनं उठते, आणि या घाईतच म्हातारी माणसं पडतात. उतारवयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस खाटेला लागतो. म्हणून म्हणतो, ही चैन नाही, गरज आहे.

बनवायलाही फार अवघड नाही. 12 व्होल्टचं सोलेनॉइड कुलूप, एक रिले, 433 मेगाहर्ट्झचा रेडिओ संच आणि वीज गेली तर बॅटरी. सामान नागपूरला सीताबर्डीवर मिळतं, नाहीतर ऑनलाइन येतं. बटण दाबलं की गुंडाळीतून वीज वाहते, तिचं चुंबक होतं आणि खटका आत ओढला जातो. वीज दोन-चार सेकंदच द्यायची, नाहीतर गुंडाळी तापते. गुंडाळीला उलटा डायोड जोडायचा, नाहीतर वीज तोडताना उठणाऱ्या झटक्यानं सर्किट जळू शकतं.

पोरांनो, दोन गोष्टी मात्र नीट ऐका. स्वस्तातल्या एचटी-12ई चिपमध्ये पत्त्याच्या आठच पिना असतात, म्हणजे जुळण्या सगळ्या मिळून 256. बरेच जण आठही पिना जमिनीला जोडून मोकळे होतात. मग दुसऱ्या कोणी तसाच संच तसाच जोडला, तर त्याच्या रिमोटनं तुमचंही दार उघडेल. पिना बदलल्या तरी संकेत दर वेळी तोच जातो, आणि माहितगार माणूस तो पकडून पुन्हा वाजवू शकतो. चांगल्या गाड्यांच्या रिमोटमध्ये तो दर वेळी बदलतो. म्हणून घरचं हे कुलूप दिवसाच्या वापरापुरतं ठेवा आणि रात्री आतून आगळ लावा.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. अशी बहुतेक कुलपं वीज गेली की बंदच राहतात. चोरासाठी ते ठीक, पण आतल्या माणसाचं काय? आग लागली, बॅटरी उतरली, तर? आतून हातानं ओढता येईल असा खटका हवाच. तो नसेल तर ते कुलूप लावूच नका.

आता माझी अट. हल्ली पोरं वायफायची चिप लावून हेच कुलूप फोनवर घेतात. पुण्याचा मुलगा म्हणतो, "आई, तू उठू नको, मीच इथून उघडतो." बोलण्यात माया आहे, शंकाच नाही. पण महिन्याभरात काय होतं? आईला न विचारता दार उघडतं. कोण आलं, किती वाजता आलं, ती स्वतः कधी बाहेर गेली, सगळं पुण्याला दिसतं. मग एक दिवस ती विचारते, "मले कोंडून ठेवता का रे?"

दार उघडणं म्हणजे कोणाला घरात घ्यायचं हे ठरवणं. तो मान घरात राहणाऱ्याचा. तेव्हा रिमोट तिच्या उशाशी असू द्या. खिडकीतून माणूस दिसेल अशी तिची खाट लावा, "कोण आहे?" विचारू द्या, मग बटण तिनंच दाबावं.

कोणी म्हणेल, ती आत पडली, बटणापर्यंत हात पोचला नाही, तर? प्रश्न खरा आहे. पण पुण्याहून दार उघडलं, तरी तिला उचलायला आत कोण जाणार? शेजारीणच ना! मग एक किल्ली तिच्याकडेच द्या, आणि बाहेरून किल्लीनं उघडेल अशी सोय कुलपात आधीच करून ठेवा. शेजारणीशी दोन शब्द बोलत राहा, म्हणजे ती वेळेला धावेल.

कुलूप बनवणाऱ्या पोरांचं कौतुक करा, त्यांना सामानाला पैसे द्या. फक्त जोडणी करण्याआधी त्यांनी आजीला विचारावं, बाई, दार कसं उघडलेलं तुला आवडेल?

तुमच्या घरी अजून आगळ आहे का? तुमच्याकडे तिला काय म्हणायचे, तेही लिहा.