वैमानिकाची खोली

चिपी-परुळ्याच्या सड्यावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळ सुरू झाला आणि आम्हां मालवणकर पोरांना नवेच स्वप्न पडू लागले: वैमानिक व्हायचे, घरीच राहायचे आणि मुंबईच्या नोकरीवर विमानाने ये-जा करायची! मला हे पटत नाही. कर्मचाऱ्याच्या सवलतीच्या तिकिटावर जागा उरली तरच बसायला मिळते. शिवाय घरापासून कामापर्यंतचा प्रवास ड्यूटीच्या तासांत धरत नाहीत. शीण मात्र अंगात मुरतोच. आपले चाकरमानी गिरणीजवळच्या खोलीत दाटीवाटीने पथारी टाकत, ते काही हौसेने नव्हे. भोंग्याला हजर राहायचे म्हणून. नव्या वैमानिकानेही निदान पहिली काही वर्षे अंधेरीकडे खोली घ्यावी. भाडे जबर, मान्य! पण पाठीमागे बसलेल्या माणसांना त्याची पुरी झोप हवी असते. गणपतीला मात्र त्याने यावे. रजा मिळाली तर.