साहेब बाई असली म्हणजे पगार वाढतो?

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर एक तरी स्त्री हवी, असं 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरवलं. मुदत संपत आली तशी कित्येक खुर्च्यांवर मालकाची बायको नाहीतर मुलगी येऊन बसली. त्या पगाराच्या तक्त्याला हात घालतील, ही आशाच फोल.

नोकरदार बायकांच्या बैठकांत मी ऐकते, "ताई, आमची मॅनेजर बाईच आहे, तरी बरोबरच्या पुरुषाला जास्त." मला त्या मॅनेजर बाईचा राग येत नाही. सही तिची, आकडा वरून आलेला.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. त्याच कामाचे पुरुषांना जास्त पैसे, आणि तेही युनियनशी झालेल्या करारानुसार! 1976 च्या समान वेतन कायद्याखाली त्या लढल्या, 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. फरक कागदावर होता, म्हणून दाखवता आला.

सरकारी बँकांत एका श्रेणीला मूळ पगार एकच. तिथे बाई मागे पडते ती बढतीत, कारण बढतीसोबत बदली येते. इथे मात्र वरच्या स्त्रीमुळे फरक पडतो. अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या अध्यक्ष असताना मुलं-म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठी बायकांना दोन वर्षांच्या रजेची सोय झाली. (पुरुषांना का नाही, हे विचारायला हवंच.)

सेबीच्या नियमामुळे पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या पगाराचे आकडे आता वेगवेगळे छापावे लागतात. पुढच्या बैठकीला असा एक अहवाल घेऊन या, एकत्र वाचू.