नव्याने घडवलेली मसल कार आणि पुसलेला पुरावा

१/ अमेरिकेतील मोटारींच्या लिलावात १९७० ची 'शेव्हेल एसएस ४५४' व्यासपीठावर येते, तेव्हा तिच्या रंगात प्रेक्षकांना स्वतःचे चेहरे दिसतात. निवेदक सांगतो, 'कारखान्यातून निघाली तशीच!' अशी गाडी कोणत्याही कारखान्यातून कधी निघाली नव्हती. त्या काळच्या मूळ गाड्यांवर रंगाचे ओघळ होते आणि दारांच्या फटी कमीजास्त होत्या.

२/ या खोटेपणाची मुळे १९६४ पर्यंत जातात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन नको, असे जनरल मोटर्सचे धोरण होते. पॉन्टिॲकच्या जॉन डीलोरियन आणि सहकाऱ्यांनी पळवाट शोधली: ३८९ घन इंचांचे इंजिन वेगळ्या मॉडेलमध्ये न देता 'ल मान्स' गाडीवरील ऐच्छिक जोडणी म्हणून द्यायचे. नाव ठेवले 'जीटीओ'. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या.

३/ जोडणी ऐच्छिक, म्हणून चेसी क्रमांकात तिचा उल्लेख नाही. १९६४ ची जीटीओ तिच्या क्रमांकावरून साधी ल मान्सच ठरते. १९७० च्या शेव्हेलचेही तेच: क्रमांकावरून व्ही-८ इंजिन कळते, 'एसएस' कळत नाही. त्यामुळे साध्या गाडीवर बिल्ले आणि मोठे इंजिन चढवून ती दुर्मीळ म्हणून खपवता येते.

४/ मग उरतात कागद. फोर्डची १९६७ पासूनची उत्पादन-नोंद उपलब्ध असून केव्हिन मार्टी यांच्याकडून तिचा अहवाल मिळतो. पॉन्टिॲकच्या नोंदीही टिकल्या. अमेरिकेत बनलेल्या शेव्हरलेच्या मालकाला मात्र बहुधा कामगारांनी सीटच्या स्प्रिंगांत किंवा इंधनटाकीवर सोडलेल्या जुळणीपत्रकाचा शोध घ्यावा लागतो. ते नसेल, तर विक्रेत्याचे सांगणे ही बखर. अस्सल कागद नव्हे. (जुळणीपत्रकाच्या नकलाही होतात, हे वेगळेच.)

५/ आणि जीर्णोद्धार काय करतो? शेवटच्या बोल्टपर्यंत गाडी सुटी होते, पत्रा वाळूच्या माऱ्याने उघडा पडतो. तपासनिसांच्या खडूच्या खुणा जातात. पुढे त्याच खुणा संदर्भ पाहून नव्या खडूने काढल्या जातात! सर्वांत वाईट प्रकार इंजिनाचा. मूळ ब्लॉक शर्यतीत फुटला आणि दुसरा बसला, तर तो दुसरा ब्लॉक हीच त्या गाडीची खरी कहाणी. कुणा तरुणाने ती जिवाच्या आकांताने पळवली होती, याची ती एकमेव साक्ष. पण बाजाराला 'जुळणारे क्रमांक' हवेत. मग योग्य तारखेचा ब्लॉक शोधतात, त्यावरचा क्रमांक घासतात आणि नवा ठोकतात. मूर्तीवरील शिलालेख घासून नवा कोरणाऱ्याला इतिहासाचे विद्यार्थी जे म्हणतील, तेच यालाही म्हणावे.

६/ यावर उत्तर येते: गंजाने तळ गळालेली गाडी तशीच ठेवली असती, तर भंगारात गेली असती. हे खरे आहे, आणि दुरुस्ती हा गुन्हा नाहीच. प्रश्न विक्रीच्या वेळचा आहे. कोणता पत्रा नवा, कोणते इंजिन कुठून आले, हे लिहून द्यावे. सुटी करतानाची छायाचित्रे आणि काढलेले भाग गाडीसोबत द्यावेत. याला खर्च जवळपास नाही. तरीही टाळले जाते, कारण प्रामाणिक तपशिलाने बोली उतरते.

७/ निदान तशी समजूत आहे. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथे 'बुलिट' (१९६८) चित्रपटात स्टीव्ह मॅकक्वीनने चालवलेली मस्टँग विकली गेली. रंग विटलेला, पत्र्यावर गंज, चित्रीकरणासाठी केलेले फेरफार तसेच. जीर्णोद्धार झालेलाच नव्हता. शुल्कासह किंमत आली ३७.४ लाख डॉलर.

८/ त्याच चित्रपटातील कसरतींची दुसरी मस्टँग मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात बेवारस सापडली होती. घेणाऱ्यांचा बेत तिला दुसऱ्याच एका चित्रपटातील 'एलेनॉर' या मस्टँगची नक्कल बनवण्याचा होता. काम सुरू असताना कुणीतरी तिचा क्रमांक तपासून पाहिला.