दोष फक्त संगतीचा?

मुलगा दारूकडे वा गांजाकडे वळला की आपण लगेच म्हणतो, "इथली संगतच वाईट." मला हे निदान अपुरे वाटते. सॅन डिएगोत डॉ. फेलिटी व डॉ. आंडा यांनी केलेली पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. त्यातली माणसे बहुतेक आपल्यासारखीच, शिकलेली, विमा असलेली. लहानपणी मारहाण, अपमान, घरातले व्यसन, आईला होणारी मारझोड असे चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांत व्यसन, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. सततच्या भीतीने मेंदूतली धोक्याची घंटा वाजतच राहते, आणि मनाला आवर घालणारा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. अशा मुलाला नशा औषधासारखी वाटली तर नवल काय? "घरातले बाहेर सांगू नये" हा शिरस्ता इथे तरी मोडावा. डॉक्टरांनी मुलाशी एकट्याशी बोलायचे म्हटले, तर आई-वडिलांनी निमूट बाहेर बसावे.