निराधारांचा पगार आणि गायरानाचा कागद



जमिनीच्या मोर्चात आपल्या म्हाताऱ्या पुढं असतात. पण संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळच्या पगाराचं विचारलं, की त्या गप होतात. का? त्या योजनांना महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. भूम-परंडा-कळंबच्या पारधी वस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसलं, पण सातबारा नाही, घराचा उतारा नाही. मग रहिवास दाखवायचा कशानं? म्हाताऱ्यांसाठी उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार, म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात घर चालवून दाखवा म्हणावं!

अपंग साथींचं तर दुप्पट. दाखल्यासाठी खेटे घालायचे, सोबतच्याची मजुरीही बुडवायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३७ सांगतं, शेतजमीन अन् घर वाटपाच्या योजनांत ४० टक्के अन् त्यावर अपंगत्व असणाऱ्यांना ५ टक्के राखीव, त्यात बायांना अग्रक्रम. आपण तरी हे कलम कितींदा मांडलं?

आमचं म्हणणं सरळ आहे. पगाराची लढाई जमिनीच्या लढाईहून वेगळी नाही. तहसीलदारांनी वस्तीवर शिबिर घ्यावं, जागेवर पंचनामा करून रहिवास धरावा. अन् आपण जमिनीच्या दाव्यांची यादी करताना म्हाताऱ्यांची, अपंगांची नावं आधी लिहावीत.